मानमोडी आणि पाण्यातली लस

आमच्या घरी एक तांबडी कोंबडी आहे. तिची मान वाकडी आहे. ती दाणा टिपायला जाते तर चोच दाण्याच्या बाजूला मातीत पडते. पुन्हा नेम धरते, पुन्हा चुकते. चार-पाच वेळा केले की एक दाणा मिळतो. पाहुणे तिला बघून हसतात. आम्ही हसत नाही, कारण गेल्या वैशाखात आमच्या १४ कोंबड्यांपैकी ती एकटीच राहिली.

तेव्हा काय झाले ते सांगतो. एके दिवशी सकाळी खुराडे उघडले तर दोन कोंबड्या बाहेरच येईनात. पंख खाली पाडून, डोळे मिटून बसल्या होत्या. हिरवट-पांढरे हगत होत्या. तोंड वासून श्वास घेत होत्या, आणि घशातून घर्रघर्र आवाज येई. दुसऱ्या दिवशी आणखी पाच तशाच. काहींचे पाय लुळे पडले, काहींची मान पिळल्यासारखी पाठीवर गेली. आजी म्हणाली, नजर लागली. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. शेजारचे म्हणाले, जित्या आहेत तोवर बाजारात काढा. आईने दोन विकल्या. बाकीच्या ११ पाच दिवसांत मेल्या, आणि त्या आम्ही ओढ्यात टाकल्या. हे दोन्ही चुकीचे होते, पण तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. अंड्यांच्या पैशांतून आमच्या वह्या येतात. त्या साली जूनमध्ये वह्या उधारीवर आणल्या.

या रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. पुस्तकात राणीखेत असे नाव आहे. राणीखेत हे उत्तराखंडातले डोंगरावरचे गाव आहे. आपल्या देशात हा रोग प्रथम तिथे ओळखला म्हणून त्या बिचाऱ्या गावाचे नाव रोगाला पडले. त्याच्या थोडे आधी, १९२६ साली, इंग्लंडमधील न्यूकॅसल गावाजवळ आणि जावा बेटावर तो दिसला होता. म्हणून इंग्रजीत त्याला न्यूकॅसलचा रोग म्हणतात. तो विषाणूमुळे होतो. विषाणू इतका बारीक असतो की आपल्या शाळेच्या साध्या भिंगातून दिसणारच नाही. तो आजारी कोंबडीच्या विष्ठेतून, नाकातोंडातल्या पाण्यातून, आपल्या चपलांना लागूनसुद्धा दुसरीकडे जातो. कोंबडीच्या मेंदूवर त्याचा परिणाम झाला की मान वळते. एकदा रोग झाला की त्यावर औषध नाही. हळद, लसूण, गोळी, कशाने बरा होत नाही. आधी लस द्यायची, एवढाच उपाय.

ही सगळी माहिती मला गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितली. बाईंनी मला तिथे पाठवले होते. मी विचारले, "कोंबडीला सुई टोचायची का?" ते म्हणाले, "सुईची पण लस आहे, ती आठ आठवड्यांच्या पुढे. पण लासोटा नावाची लस पाण्यातून पाजता येते." लासोटा हे अमेरिकेतल्या एका कोंबडीवाल्याचे आडनाव आहे. त्याच्या कोंबड्यांत या विषाणूची एक सौम्य जात सापडली. ती कोंबडीला फारसे आजारी पाडत नाही, पण तिच्या अंगात रोगाशी लढायची ताकद तयार करते. त्याच जातीपासून लस करतात. म्हणजे लशीतला विषाणू जिवंत असतो! तो मेला तर लस फुकट. उन्हाने मरतो, उकाड्याने मरतो. म्हणून बाटली फ्रीजमध्ये ठेवतात आणि आणताना बर्फातून आणतात.

अडचण अशी की एक बाटली १०० कोंबड्यांची. आणि पाण्यात कालवली की दोन तासांत संपवावी लागते, उद्याला ठेवता येत नाही. आमच्याकडे तेव्हा मावशीकडून आणलेल्या धरून १६ झाल्या होत्या. मग मी पाटी घेऊन आळीत फिरलो. आमच्या १६, मग ९, २१, ७, १२, ५ आणि १४. बेरीज करून बघा. ८४ येते. २१ कोंबड्यांच्या काकू आधी तयार नव्हत्या. म्हणाल्या, "चांगल्या कोंबड्यांना रोगाचं पाणी पाजतोस व्हय रं?" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, पाण्यात विषाणू होताच. मी त्यांना आमची तांबडी दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी आकडा सांगून गेल्या.

मार्गशीर्षात एका रविवारी लस द्यायचे ठरले. डॉक्टरांनी सांगितले होते की रात्री सगळ्या कोंबड्या कोंडा आणि सकाळी पाण्याशिवाय ठेवा, म्हणजे तहान लागेल. नाहीतर त्या मोरीचे नाहीतर गुरांच्या डोणीतले पाणी पितात आणि आपले पाणी तसेच राहते. बाबांनी थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणली. मी ४ लिटर पाणी भरून तयार ठेवले होते. डॉक्टरांनी त्याचा वास घेतला आणि ओतून टाकले! ते नळाचे पाणी होते आणि त्यात आदल्या दिवशी टीसीएल पावडर पडली होती. टीसीएल जंतू मारते, मग लशीतला विषाणू कसा राहील? माझा चेहरा पडला. मग मी मळ्यातल्या विहिरीवर पळत जाऊन पाणी आणले. त्यात त्यांनी साय काढलेल्या दुधाची पावडर घातली, एका लिटरला ५ ग्रॅम. दुधामुळे विषाणू जपला जातो. भांडी मातीची आणि प्लॅस्टिकची घेतली, पत्र्याची नाहीत, आणि ती साबणाने धुतली नव्हती.

एका कोंबडीला सुमारे ४० मि.ली. असा हिशोब होता. काकूंच्या २१ कोंबड्यांना ८४० मि.ली. हे माप मी घातले. परळ सावलीत ठेवले आणि खुराडी उघडली. सगळ्या धावत आल्या आणि माना वर करकरून प्याल्या. तासाभरात परळ कोरडे! आठवड्याभराच्या पिल्लांना मात्र डॉक्टरांनी डोळ्यात एकेक थेंब टाकला. पिल्लाने डोळा मिचकावला की मगच त्याला खाली सोडत. शेवटी आम्ही सगळ्यांनी साबणाने हात धुतले, कारण या विषाणूने आपलेही डोळे लाल होतात.

लस दिल्यावर ताकद यायला दोन आठवडे लागतात. संक्रांतीच्या आधी वरच्या वस्तीवर मानमोडी आली आणि तिथली पुष्कळ खुराडी रिकामी झाली. आमच्या आळीतल्या दोन मेल्या. एक खुडूक होती, अंड्यांवरून उठलीच नव्हती, तिने लशीचे पाणी प्यायलेच नाही. दुसरी नंतर बाजारातून आणलेली. म्हणजे ज्या प्याल्या त्या वाचल्या. या वेळी खुडूक कोंबड्यांना उचलून पाण्यापाशी आणायचे असे मी ठरवले आहे. मेलेल्या दोघी आम्ही खोल खड्ड्यात चुना टाकून पुरल्या.

आजी अजूनही मीठ-मोहऱ्या ओवाळते. पण आता विचारते, "पाण्याचा दिस कधी हाय?"

पाण्यातली लस कायमची पुरत नाही. आमच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत द्यायला सांगितले आहे, आणि उन्हाळ्याच्या आत दिलेली बरी. यंदा वरच्या वस्तीलाही घ्यायचे आहे. तेव्हा ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी, आणि हे वाचणाऱ्या पालकांनीही, आपला आकडा शनिवारपर्यंत माझ्याकडे किंवा बाईंकडे द्यावा. खुडूक किती आणि पिल्ले किती तेही वेगळे सांगावे. आजपर्यंत १३७ झाल्या आहेत. दोन बाटल्यांना अजून ६३ पाहिजेत.

— इयत्ता ४ थी