आधी पट्टी, मग पैसे

लेन्सच्या नळीवर ‘मॅक्रो’ छापलेलं असलं म्हणजे ती मॅक्रो लेन्स होत नाही. हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच दुकानात शिरल्यावर मी पहिल्याच वाक्यात ‘एकास एक’, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या मापात उमटवणारी लेन्स, मागितली होती. हे आधीच सांगून ठेवते. कारण ज्यांना ज्यांना मी हा प्रकार सांगितला, त्यातल्या बऱ्याच जणांनी उलट मलाच ऐकवलं, ‘घेण्याआधी नीट बघायचं ना!’ मी बघितलं होतं. विचारलंही होतं. उत्तर खोटं मिळालं.

मी साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवते. कासचं पठार जवळच, त्यामुळे सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद यांचे फोटो वर्गात दाखवायला लागतात. सीतेच्या आसवाचं फूल सेंटिमीटरभराचं. दवबिंदूच्या पानावरचे चिकट थेंब तर त्याहून कितीतरी बारीक. आणि त्याच सुमारास सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं होतं, त्यांचं एक चांगलं पोर्ट्रेट मला काढायचं होतं. दोन्ही कामं एका लेन्समध्ये होतात, हे खरं आहे. कॅमेरा निकॉन डी५३००. हे सगळं मी त्या पुण्यातल्या दुकानदाराला सांगितलं.

तो ऐकत माझं होता आणि उत्तरं माझ्या नवऱ्याला देत होता. ‘साहेब, वहिनींना ही पुरेल.’ ह्यांना कॅमेऱ्यातलं काही कळत नाही, ते तसं म्हणालेही, तरी तो ह्यांच्याकडेच बघत राहिला. समोर ठेवली ती ७०-३०० ची झूम. झूममध्ये एकास एक मिळत नाही असं माझं वाचन आहे, मी म्हटलं. तेव्हा त्याने नमुन्याच्या लेन्सवरचं बटण सरकवून दाखवलं. ‘हे मॅक्रोवर केलं की एकास एक. नवीन मॉडेलमध्ये आलंय, वहिनी.’ माझ्या बॉडीवर लावून बघू का, विचारलं, तर सील फोडता येणार नाही, आणि नमुना काचेबाहेर देत नाही. शेवटी ‘विश्वास ठेवा हो’ असं म्हणाला. ठेवला.

घरी आल्यावर स्टीलची पट्टी टेबलावर आडवी ठेवली, लेन्स ३०० वर नेली, बटण मॅक्रोवर, आणि जितकं जवळ जाऊन फोकस होईल तितकं गेले. फोटोत या कडेपासून त्या कडेपर्यंत ४७ मिलिमीटर मावले. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद. एकास एक लेन्स असती तर पट्टीचे तेवढेच, साडेतेवीस मिलिमीटर दिसायला हवे होते. म्हणजे हातात आली होती ती एकास दोन. पुन्हा काढला, पुन्हा ४७. रात्री जेवणं व्हायची होती आणि मी पट्टीवरच्या रेघा मोजत बसले होते. पैसे गेल्याचा राग नंतर आला. आधी डोळ्यांसमोर उभा राहिला तो माणूस, ज्याला उत्तर माहीत होतं आणि ज्याने ते ह्यांच्याकडे बघत चुकीचं दिलं.

मॅक्रो घेणाऱ्या प्रत्येकाने ही पट्टीची परीक्षा करावी. फुल फ्रेम कॅमेऱ्यात ३६ मिलिमीटर, निकॉनच्या छोट्या सेन्सरमध्ये साडेतेवीस, कॅननच्या छोट्या सेन्सरमध्ये साधारण बावीस. पट्टीचा याहून जास्त भाग दिसला तर ती लेन्स एकास एक नाही, मग नळीवर काहीही छापलेलं असो. ‘मॅक्रो’ हा शब्द छापायला कुणाची आडकाठी नाही, म्हणून शब्दाकडे बघू नका. माहितीपत्रकात ‘मॅग्निफिकेशन’ शोधा. १:१ किंवा १.०x असेल तर खरी. ०.५x म्हणजे निम्मी. त्या झूममध्ये काहीच अर्थ नसतो असं मात्र मी म्हणणार नाही. साधारण मीटरभरावरून फुलपाखरू न उडवता टिपायला ती बरी. मला फुलपाखरं नको होती.

दुसऱ्या दिवशी बिल घेऊन गेलो. बिलावर नुसतं ‘लेन्स – १ नग’. मॉडेल नाही, सीरियल नंबर नाही. दुकानदाराचा सूर बदललेला. ‘आता सील फुटलं ना, वापरलेला माल परत घेत नाही.’ सील फोडल्याशिवाय कळणार कसं, याला उत्तर नाही. मी पट्टीचा फोटो पुढे केला तर म्हणाला, ‘असं पट्ट्या लावून कोणी लेन्स घेतं का?’ मग एवढंच केलं की माझ्या लेन्सची निम्म्याहून कमी किंमत धरून बदल्यात दुसरी लेन्स दाखवली. ही होती खरोखर एकास एक, ९० मिलिमीटरची, जुन्या मॉडेलची. पण तिच्यात फोकसची मोटर नव्हती. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत मोटर नसते, त्यामुळे अशी लेन्स लावली की ऑटोफोकस चालत नाही. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, ‘मॅक्रोला हातानेच फोकस करतात, वहिनी.’ हे अर्धं खरं आहे. एकास एकवर मीसुद्धा हातानेच फोकस ठरवते आणि कॅमेरा थोडा पुढे-मागे सरकवते. पण पोर्ट्रेट काढताना ऐंशी वर्षांच्या बाई मी रिंग फिरवेपर्यंत तशाच बसून राहणार नाहीत. मी ती घेतली नाही. अशा निकॉन बॉडीवाल्यांनी लेन्समध्ये मोटर आहे का, हे बघितल्याशिवाय कोणतीही जुनी लेन्स हातात धरू नये.

आता निवडीचं. दुकानात सगळे फक्त ‘किती मिलिमीटर’ आणि ‘किती एफ’ एवढंच बोलतात. मॅक्रोत खरा प्रश्न असतो तो लेन्सच्या तोंडापासून फुलापर्यंत किती जागा उरते. जाहिरातीत ‘किमान फोकस अंतर’ दिलेलं असतं, ते सेन्सरपासून मोजलेलं असतं, लेन्सच्या टोकापासून नव्हे. निकॉनच्या ४० मिलिमीटरच्या मॅक्रोचं हे अंतर १६.३ सेंटिमीटर आहे, ऐकायला ठीक वाटतं, पण एकास एकवर फुलासमोर जेमतेम तीन-चार सेंटिमीटर उरतात. लेन्सची सावलीच फुलावर पडते. किडा तर केव्हाच उडालेला असतो. ६० मिलिमीटरला पाचेक सेंटिमीटर. ८५ आणि १०५ ला चौदा-पंधरा. कासवर वाट सोडून फुलांत शिरायचं नाही, शिरूही नये, त्यामुळे ही जागा फार मोलाची. आंबोलीला पावसाळी रात्री बेडूक-साप टिपायला जाणाऱ्यांना तर मी कळकळीने सांगेन की चापड्यासारख्या विषारी सापासमोर तीन सेंटिमीटरवर जाणारी लेन्स कोणी स्वस्त म्हणून गळ्यात मारली तरी घेऊ नका. कितीही चांगला फोटो त्या धोक्याच्या लायकीचा नाही.

पोर्ट्रेटचा हिशोब वेगळा आणि तो खोलीवर ठरतो. छोट्या सेन्सरवर १०५ ने कमरेपासून वरचा उभा फोटो घ्यायला चार मीटर मागे जावं लागतं. आमची बैठकीची खोली दहा बाय बारा फूट, म्हणजे लांबीने साधारण साडेतीन मीटर. भिंतीत शिरावं लागेल. ६० ने तोच फोटो सव्वादोन मीटरवरून येतो. मधला मार्ग ८५. चेहरा आणि खांदे दोन-सव्वादोन मीटरवरून छान येतात, कमरेपर्यंत हवं असेल तर दार उघडून पडवीत उभं राहायचं. दुकानदार हे सांगत नाहीत, कारण ते तुमच्या खोलीचं माप विचारतच नाहीत.

मी अखेर निकॉनची ८५ मिलिमीटर एफ ३.५ डीएक्स मायक्रो घेतली, जुन्या बाजारातून, एका शिक्षकाकडून, त्यांच्या घरी पट्टी ठेवून. साडेतेवीस मिलिमीटर भरले. मोटर आत, वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, पठारावर दिवसभर गळ्यात राहते. निकॉन मॅक्रोला ‘मायक्रो’ म्हणतं, एवढं लक्षात ठेवा म्हणजे शोधताना गोंधळ होत नाही. फुल फ्रेमवाल्यांनी ९० ते १०५ मधलं काहीही बघावं, तिथे खोलीचीही तितकी अडचण नाही. कॅननची जुनी ५० मिलिमीटर एफ २.५ कॉम्पॅक्ट मॅक्रो हीसुद्धा नुसती एकास दोन आहे, जुन्या बाजारात ती स्वस्त दिसते म्हणून सांगून ठेवते.

जुनी घेताना टॉर्च न्या. दोन्ही टोपणं काढून एका बाजूने टॉर्च मारायचा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघायचं. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. सातारा-महाबळेश्वरकडच्या, कोकणातल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते. अॅपर्चरच्या पाकळ्यांवर तेल चकाकलं तरी नको. घरी आणल्यावर झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवावी.

एफ २.८ साठी जास्त पैसे मोजायला लावतात, त्याबद्दलही ऐका. एकास एकवर गेलं की लेन्स प्रकाश खूप कमी आत घेते, २.८ चं काम जवळपास ५.६ सारखं होतं. निकॉनचा कॅमेरा हा बदल आकड्यात दाखवतो म्हणून लोक लेन्स बिघडली म्हणून परत नेतात, कॅननचा दाखवत नाही एवढाच फरक. तसंही अगदी जवळून एफ ११ वरही माझ्या कॅमेऱ्यात मिलिमीटरभराचासुद्धा भाग नीट स्पष्ट येत नाही, आणि त्यापुढे १६, २२ केलं तर सगळाच फोटो मऊ पडतो. हात थरथरणं कमी करणारी सोय लांबून उपयोगी, पण फुलाला चिकटल्यावर तिचा फारसा आधार नाही. पैसे ट्रायपॉडवर आणि एका बऱ्या फ्लॅशवर घाला. वाऱ्याच्या दिवशी घरी बसा.

सासूबाईंचा फोटो ८५ नेच काढला. मॅक्रो लेन्स चेहऱ्यावरचं काहीही लपवत नाही. त्यांच्या सुरकुत्या, कपाळावरच्या कुंकवाचे कण, सगळं आलं आणि तेच मला हवं होतं. नणंदेने मात्र स्वतःचा फोटो बघून तो काढून टाकायला लावला. तरुण चेहऱ्यांना खिडकीचा पडद्यातून आलेला प्रकाश द्यावा, थेट फ्लॅश मुळीच नको.

दुकानाचं प्रकरण मी सोडलेलं नाही. ग्राहकांच्या १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्यांनीही पहिला प्रश्न हाच केला की बिलावर मॉडेल लिहिलं आहे का. म्हणून बिलावर लेन्सचं पूर्ण नाव, सीरियल नंबर आणि जीएसटीचा आकडा लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. एकास एक आहे का, हा प्रश्न दुकानदाराला मेसेजवर विचारा आणि उत्तरही मेसेजवरच घ्या. भारतातली वॉरंटी आहे की बाहेरून आणलेला माल, तेही त्याच मेसेजमध्ये. पट्टी लावू देत नसेल तर बाहेर पडा, पुण्यात कॅमेऱ्याची दुकानं पुष्कळ आहेत. आणि बोलताना तुमच्याऐवजी तुमच्या नवऱ्याकडे बघत असेल, तरीही बाहेर पडा.