रहस्यकथा आणि प्रामाणिक टिपण

रहस्यकथा वाचणें म्हणजे अभ्यासाचा वेळ दवडणें, असें कित्येक पालकांस वाटतें. केवळ भय व रक्तपात यांवर उभारलेल्या पुस्तकांविषयीं हें मत असेल, तर आमचा वाद नाहीं. परंतु या कथांचा एक सौम्य प्रकारहि आहे. त्यांत पोलिसांऐवजीं एखादी पुस्तकप्रिय व्यक्ति शोध करिते, आणि तो शोध हा एक प्रकारचा अभ्यासच असतो. अशा एका इंग्रजी कादंबरीचा परिचय आम्ही येथें करून देत आहों.

डोरोथी सेयर्स यांचा जन्म १८९३ सालीं ऑक्सफर्ड येथें झाला व तेथील सॉमरव्हिल कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. त्या विद्यापीठानें स्त्रियांस पदव्या देण्यास १९२० सालीं आरंभ केला, तेव्हां कोठें त्यांस पदवी मिळाली. त्यांची 'गॉडी नाइट' ही कादंबरी १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत एकहि खून नाहीं.

कथा ऑक्सफर्डमधील स्त्रियांच्या एका कल्पित कॉलेजांत घडते. तेथें निनावी पत्रें येऊं लागतात; एका प्राध्यापिकेच्या छंदःशास्त्रावरील ग्रंथाचीं मुद्रितें विद्रूप केलीं जातात; पत्रांच्या जाचानें एक विद्यार्थिनी जीव देऊं पाहते. बभ्रा झाल्यास स्त्रीशिक्षणाच्या विरोधकांस आयतेंच निमित्त मिळेल, म्हणून हॅरिएट व्हेन या जुन्या विद्यार्थिनीचें साहाय्य घेतलें जातें. ही स्वतः रहस्यकथा लिहिणारी. १९३० सालच्या 'स्ट्राँग पॉयझन' या कादंबरींत तिच्यावर खुनाचा खोटा आरोप आला होता. त्यामुळें निरपराध माणसावर संशय घेणें किती क्रूर, हें ती जाणते.

घडलेली प्रत्येक गोष्ट ती क्रमवार टिपून ठेविते. तिचा तर्क मात्र वाट चुकतो. विद्याव्यासंगांत आयुष्य वेंचणाऱ्या अविवाहित स्त्रियांविषयींचा लोकांचा ग्रह तिच्याहि मनांत शिरतो आणि तिचा संशय प्राध्यापिकांकडे वळतो. तरीहि टिपण प्रामाणिक असल्यामुळें तिचा मित्र लॉर्ड पीटर विम्झी तेंच वाचून सत्य ओळखतो. अपराध कोणाचा, हें आम्ही सांगणार नाहीं. तो आनंद वाचकांचा आहे.

आम्हांस येथें मोठा बोध दिसतो. चुकलेला तर्क सुधारतां येतो. पण टिपणांतच आपल्या मताप्रमाणें फेरफार केला, तर सत्याकडे जाण्याची वाटच बुजते.

विद्यार्थिमित्रांनो, अशी कादंबरी अर्धी झाली म्हणजे पुस्तक मिटा आणि वहीचे दोन भाग करा. एकांत घडलेलें लिहा, दुसऱ्यांत आपणांस वाटलेलें. शेवट वाचल्यावर दोन्ही पडताळून पाहा. प्रयोगशाळेंत व इतिहासाच्या अभ्यासांत हीच संवय उपयोगी पडेल. आणि वर्गांत कोणाचें पुस्तक हरवलें म्हणजे आपली दृष्टि प्रथम कोणाकडे वळते, व तिला आधार पहिल्या भागांत आहे कीं केवळ दुसऱ्या, हेंहि स्वतःस विचारा.