घरात पैसा गुंतवताना: काही नेहमीचे प्रश्न

चार पैसे गाठीस पडले, की आपल्याकडील गृहस्थाच्या मनात पहिला विचार येतो तो घराचा अथवा भूखंडाचा. जमीन कोठे पळून जात नाही, असे वडीलधारे सांगत आले. जमीन पळत नाही हे खरेच. पण तिच्यावरील हक्क मात्र निसटू शकतो. म्हणून साखळी परिसरात नेहमी विचारल्या जाणाऱ्या काही प्रश्नांचा येथे विचार करू.

एक-चौदाच्या उताऱ्यावर विकणाऱ्याचे नाव आहे, एवढे पुरे का?

पुरे नाही. १९६८ च्या जमीन महसूल संहितेखालील ही नोंद खरी धरली जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. पोर्तुगीज अमदानीतील नोंदणी, जुनी खरेदीखते व वाटणीचे कागद तिच्याशी जुळले पाहिजेत. कुळाचा व इतर हक्कांचा रकाना अवश्य वाचावा. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला संरक्षण दिले आहे. मालक बदलला म्हणून त्यांचा हक्क जात नाही, आणि जाऊही नये. जमीन भातशेतीची असेल तर ती शेतकरी नसलेल्यास विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आहेत. घर बांधायचे तर रूपांतराची सनद आहे की नाही, हे आधी पाहावे.

सही कोणाकोणाची हवी?

गोव्याच्या कौटुंबिक कायद्याप्रमाणे, लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते. म्हणून विक्रीखतावर दोघांची सही लागते. मूळ मालक निवर्तला असेल, तर सर्व वारस व त्यांचे जोडीदार यांचा प्रश्न येतो. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी आयुष्याची पुंजी देऊन भूखंड घेतला. नंतर मुंबईस असलेली विक्रेत्याची बहीण पुढे आली. तिची सही नव्हती व तिचे म्हणणेही रास्त होते. शिक्षकांची दहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात गेली. वारसांची वाटणी कायदेशीर झाल्याचा कागद पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये.

भाड्यातून किती सुटते?

एक हिशेब मांडून पाहू. घराची किंमत ४० लाख व भाडे दरमहा १०,००० रुपये धरले, तर वर्षाला १,२०,००० होतात. एक महिना घर रिकामे राहिले, तर १०,००० वजा. घरपट्टी, दुरुस्ती, रंगसफेदी यांस २०,००० धरावे. उरले ९०,०००, म्हणजे शेकडा सव्वादोन. यातील ३० लाख साडेआठ टक्क्यांनी कर्जाऊ काढले असतील, तर पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे अडीच लाख होते. ही तूट पगारातून भरण्याची ताकद आहे का, हे आधी स्वतःस विचारावे.

भाव चढतील म्हणून घ्यावे का?

२०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली तालुक्यातील ट्रकांची चाके थांबली. ज्यांचे भाडेकरू खाणीच्या कामावर जगत होते, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतः अनुभवले. २०२३ च्या जानेवारीपासून मोपाहून विमाने उडू लागली व पेडण्याच्या जमिनीकडे सर्वांचे लक्ष गेले. पण विमानतळ आला म्हणून प्रत्येक गावातील प्रत्येक खोलीला भाडेकरू मिळेल असे नाही. जागा पाहण्यास भर पावसाळ्यात जावे. वाळवंटीचे पाणी कोठवर चढते, हे शेजाऱ्यांस विचारावे.

नव्या इमारतीतील सदनिका घेताना?

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक आणि सदनिका आठांहून अधिक असतील, तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे प्रकल्पाची नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बांधकाम करणाऱ्याने किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, असेही हा कायदा सांगतो. पावतीवाचून रोख देऊ नये.

शेवटी एवढेच सांगणे, की मुलीचे लग्न, मुलांचे शिक्षण आणि आजारपण यांसाठी ठेवलेला पैसा घरात अडकवू नये. घर गरजेच्या दिवशी विकले जात नाही. वकिलाची फी द्यावी, कागद घरातील बायकामाणसांसह सर्वांनी वाचावेत, आणि मगच सही करावी.