थ्रॉटलच्या झडपेचा निरोप्या

मोटारगाडीच्या ॲक्सिलरेटरवर पाय दाबला म्हणजे पेट्रोल वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पायाने प्रथम वाढते ती हवा. एंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या नळीत धातूची एक वाटोळी चकती दांड्यावर बसविलेली असते. तीच थ्रॉटलची झडप होय. ती फिरली की हवेस वाट मिळते. त्या हवेबरोबर पेट्रोल किती द्यावयाचे हा निराळा प्रश्न आहे. एक भाग पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने सुमारे १४·७ भाग हवा लागते, आणि हे प्रमाण ढळले तर एंजिन गुदमरते, नाहीतर धूर ओकू लागते.

गुडगावच्या कारखान्यातून डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० बाहेर पडली, तेव्हा हा हिशेब कार्ब्युरेटरकडे असे. नळीच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाणारी हवा पेट्रोल आपोआप ओढून घेई. व्यवस्था सुटसुटीत होती, परंतु ढोबळ. आणि दिल्लीच्या हवेस ती मानवली नाही. एम. सी. मेहता यांनी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नेलेल्या प्रदूषणाच्या प्रकरणात २९ एप्रिल १९९९ रोजी आदेश झाला की, राजधानी क्षेत्रात नोंदल्या जाणाऱ्या नव्या खाजगी मोटारी १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ या मर्यादांत बसल्या पाहिजेत. त्यानंतर पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रे आणि त्यांवर हुकमत चालविणारा लहानसा संगणक घरोघरच्या गाड्यांत आला. ज्या मिस्त्रीने आजवर कानाने ऐकून आणि स्क्रू पिळून एंजिन लावले होते, त्याला हाती व्होल्टमीटर घ्यावे लागले.

झडप किती उघडली आहे हे संगणकास दिसत नाही. ते त्यास कळविणारे उपकरण म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर. दुरुस्तीच्या दुकानांत त्यास नुसते ‘टीपीएस’ म्हणतात. त्याच्या जुन्या व साध्या प्रकारात विद्युत्‌प्रवाहास रोध करणाऱ्या द्रव्याची एक कमानदार पट्टी असते आणि झडपेच्या दांड्याबरोबर फिरणारी धातूची जीभ तिच्यावर घासत जाते. रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याच्या बटणात हीच योजना असते. पट्टीच्या एका टोकास ५ व्होल्टचा दाब दिलेला असतो, दुसरे टोक ऋण तारेस जोडलेले असते, आणि जिभेवरील दाब तिसऱ्या तारेने संगणकाकडे जातो. झडप मिटलेली असता हा दाब साधारणपणे ०·५ व्होल्ट आणि पूर्ण उघडली असता सुमारे ४·५ व्होल्ट असतो. गाडीगणिक आकडे थोडे बदलतात; त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आकडे प्रमाण मानावेत.

पट्टी सर्वत्र सारखी झिजत नाही. आश्रम चौकासारख्या ठिकाणी गाडी तासन्‌तास इंचाइंचाने सरकते. झडप जेमतेम उघडते व पुन्हा मिटते. त्यामुळे जीभ पट्टीच्या आरंभीच्या लहानशा भागावरच घासत राहते. तेथील लेप उडाला म्हणजे निरोप क्षणभर तुटतो. मग गाडी उभी असताना एंजिनाची गती वरखाली होते, किंवा सिग्नल सुटल्यावर पाय दाबताच गाडी प्रथम अडखळते आणि मग एकदम उसळते. मागून बस येत असताना असे अडखळणे जिवावर बेतू शकते.

संगणकास हा विसंगत दाब कळला की फलकावरील दिवा लागतो आणि दोषाचा क्रमांक नोंदला जातो. पी०१२२ म्हणजे दाब फार कमी, पी०१२३ म्हणजे फार जास्त. येथे एक सर्वत्र आढळणारी चूक होते. क्रमांक वाचला, सेन्सर बदलला, पैसे गेले, आणि दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागला. क्रमांक दोषी वस्तूचे नाव सांगत नाही. कोणत्या वाटेवर दोष आहे एवढेच सांगतो. ५ व्होल्टची तार तुटली तरी दाब शून्याकडे जातो. ऋण तार तुटली तर तो ५ व्होल्टपर्यंत चढतो. दोन्ही वेळा सेन्सर निर्दोष असू शकतो.

म्हणून सेन्सर काढण्यापूर्वी तारा तपासाव्यात. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक ओढावा, एंजिन बंद ठेवून किल्ली ‘चालू’ स्थितीत फिरवावी. मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकास लावून, जोडणी न सोडता तिन्ही तारांवरील दाब मागील बाजूने मोजावा. एकीवर ५ व्होल्टच्या आसपास व ऋण तारेवर जवळजवळ शून्य आलेच पाहिजे. ऋण तारेवर दाब दिसला तर दोष तिच्याच वाटेवर आहे. पावसाळ्यात मिंटो पुलाखालच्या पाण्यातून गेलेल्या गाड्यांत जोडणीच्या पिना हिरवट पडलेल्या पुष्कळदा सापडतात. त्या साफ करून घट्ट बसविल्या की काम भागते.

तारा निर्दोष ठरल्यावर ॲक्सिलरेटर अगदी सावकाश दाबीत निरोपाच्या तारेवरील दाब पाहावा. तो अखंड चढला पाहिजे. मध्येच काटा खाली पडला तर पट्टी त्या ठिकाणी झिजली आहे. या कामी जुने काट्याचे मीटर आकडे दाखविणाऱ्या मीटरपेक्षा सरस ठरते, कारण क्षणिक घसरण आकड्यांत हरवते, काट्यावर दिसते. झिजलेली पट्टी दुरुस्त होत नाही. सेन्सर बदलावाच लागतो. तत्पूर्वी झडपेच्या कडेची काजळी पुसून काढावी, कारण तिच्यामुळे झडप पुरती मिटत नाही. सफाईचा द्रव सेन्सरवर मात्र उडू देऊ नये. सेन्सर बहुधा दोन स्क्रूंवर बसतो. स्क्रूंची छिद्रे लांबट असतील, तर मिटलेल्या झडपेचा दाब पुस्तिकेबरहुकूम येईपर्यंत तो किंचित फिरवून मगच स्क्रू आवळावेत.

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत पायापासून झडपेपर्यंत दोरी नसते. झडप विजेची लहान मोटार फिरविते. तेथे दोन निरोपे असतात आणि संगणक एकाची दुसऱ्याशी पडताळणी करतो. दोघांत मेळ बसला नाही तर तो गाडीची शक्ती मुद्दाम रोखून धरतो. अशा गाडीत सेन्सर बहुधा सुटा मिळत नाही, झडपेसह सर्व भाग बदलावा लागतो. म्हणजे चुकीचे निदान येथे कित्येक पट महाग पडते. किल्ली चालू असताना या झडपेत बोट घालू नये. ती अकस्मात मिटू शकते.

नवा भाग बसविल्यावर जुना क्रमांक पुसावा, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे संगणकास मिटलेल्या झडपेची स्थिती पुन्हा शिकवावी, आणि गाडी प्रथम मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहावी.