पाणी नेमके कोठे मुरते?

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की सृष्टी सुखावते; मात्र इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाचे लक्ष छताकडे लागते. प्रथम पिवळसर डाग उमटतो, मग रंगाचे पोपडे निघतात आणि एके रात्री थेंब टपकू लागतो. त्या थेंबाच्या बरोबर वर, गच्चीवर, सिमेंटचे लिंपण होते. पुढील पावसाळ्यात थेंब पुन्हा हजर! ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ अशी ही तऱ्हा. दुरुस्तीवर पैसा खर्च करण्यापूर्वी गळतीचा उगम शोधणे, हाच खरा शहाणपणा होय.

पाण्याचा छुपा प्रवास

आपल्याकडील बहुसंख्य सपाट गच्च्यांवर काँक्रीटच्या स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा व सिमेंटच्या मसाल्याचा थर असतो. यालाच ब्रिकबॅट कोबा म्हणतात. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून त्यास उतार दिलेला असतो. या थराच्या पृष्ठभागाला एका कोपऱ्यात बारीक भेग पडली, तरी पाणी आत शिरते. विटांचे तुकडे ते शोषून घेतात. पुढे ते स्लॅबवर आडवे पसरते आणि जेथे काँक्रीटमध्ये भेग, पोकळी किंवा विजेच्या तारांची नळी सापडेल, तेथून खाली उतरते. त्यामुळे दिवाणखान्यातील पंख्याच्या हुकातून टपकणारे पाणी काही मीटर दूरच्या कठड्यापाशी शिरलेले असू शकते.

कौलारू घरातही हाच न्याय. फुटक्या कौलातून आलेले पाणी रिपेवरून वाशावर येते आणि उताराने घरंगळत एखाद्या सांध्यापाशी टपकते. म्हणून शोध थेंबापासून वर, आढ्याच्या दिशेने घ्यावा. दिवसा माळ्यावर अंधार करून पाहिल्यास फटीतून येणारा उजेडच दोष दाखवून देतो.

वेळेची नोंद ठेवा

गळती केव्हा सुरू होते व केव्हा थांबते, याची तारीखवार नोंद फार उपयोगी पडते.

१. पाऊस सुरू होताच काही मिनिटांत थेंब पडू लागल्यास थेट मार्ग संभवतो : मोठी भेग, निचऱ्याच्या पाइपचे तोंड किंवा सांधा.
२. पाऊस थांबल्यावरही एक-दोन दिवस गळत राहिल्यास कोब्यात पाणी साठले असण्याची शक्यता अधिक.
३. केवळ वाऱ्याच्या पावसात ओल येत असेल, तर दोष बहुधा बाहेरील भिंतीत, खिडकीच्या चौकटीत किंवा कठड्यात असतो.
४. कोरड्या ऋतूतही ओल कायम असल्यास पाण्याची टाकी, नळ किंवा वरच्या घरातील न्हाणीघर तपासावे.
५. ओल बाहेरची की हवेतील दमटपणाची, अशी शंका आल्यास प्लॅस्टिकचा तुकडा डागावर चिकटपट्टीने चारही बाजूंनी घट्ट लावून एक दिवस ठेवावा. मागील बाजूस पाणी जमल्यास ओल भिंतीतून येते. खोलीकडील बाजूस जमल्यास ती हवेतील आहे.

गच्चीवरील तपासणी

प्रथम कठडा व गच्ची यांचा सांधा, पाइपची तोंडे, टाकीचा पाया, अँटेना किंवा सौर पॅनेलच्या खिळ्यांची छिद्रे आणि भेगांत रुजलेली पिंपळाची रोपे पाहावीत. दोष बहुधा येथेच सापडतो.

तरीही उलगडा न झाल्यास कोरड्या दिवसांत पाणी साठवून परीक्षा घ्यावी. पाइपची तोंडे बंद करून मसाल्याचे छोटे बांध घालावेत, गच्चीचे भाग पाडावेत आणि एका वेळी एकाच भागात पाणी भरून दोन दिवस निरीक्षण करावे. मात्र १०० चौरस मीटर गच्चीवर अवघे २५ मिलिमीटर पाणी साठले, तरी त्याचे वजन अडीच टन होते, हे विसरू नये. इमारत जुनी असल्यास अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय हा प्रयोग करू नये. भिंतीची परीक्षा नळीने पाणी सोडून करावी. पण खालून वर, टप्प्याटप्प्याने. वरून प्रारंभ केल्यास ओघळ सर्वत्र पसरतो आणि दोष कोठे, हे कळत नाही.

दुर्लक्षाची किंमत

छताला आतून रंग देऊन डाग झाकणे सोपे असते. परंतु स्लॅबमधील लोखंडी सळ्या गंजू लागल्या की गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा वाढते, काँक्रीटला तडे जातात आणि अखेर त्याचे तुकडे खाली कोसळतात. खाली झोपलेल्या बालकाच्या किंवा वृद्धाच्या जिवावर ते बेतू शकते. पंख्यातून वा दिव्यातून पाणी येत असल्यास तत्काळ मुख्य स्विच बंद करून वीजतंत्रज्ञास बोलवावे.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करावयाची असते. त्यासाठी सभासदाने लेखी अर्जासोबत नोंदी व छायाचित्रे जोडावीत. स्वतंत्र घराच्या मालकाने कंत्राटदाराकडून अंदाजपत्रक घेताना पाणी कोठून शिरते, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे आणि काम संपल्यावर पाणी साठवून पुन्हा परीक्षा करावी. अंतिम देयक त्यानंतरच द्यावे.

घर ही बहुतेकांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी गुंतवणूक असते व कित्येकांच्या बाबतीत तिचे हप्तेही अजून फिटायचे असतात. हिशेबातील तूट जशी मूळ नोंदीपर्यंत जाऊन शोधावी लागते, तशीच छताची गळतीही. थेंब हा केवळ निरोप असतो. तो आला कोठून, हे पाहिल्यावाचून उत्तर देऊ नये.