घराचे बांधकाम, करारनामा आणि न्यायालय

आयुष्यभराची कमाई घालून माणूस घर बांधतो. परंतु ज्या कराराच्या आधारे ते उभे राहते, तो पुष्कळदा तोंडीच असतो. ठेकेदार आपल्याच मोहल्ल्यातील आहे, मग कागद कशाला, असे म्हटले जाते. पुढे गिलाव्याच्या दरावरून, वाढीव खोलीवरून अथवा पहिल्याच पावसात गळणाऱ्या स्लॅबवरून बोलाचाली होते आणि दोन श्रद्धावंत बांधव न्यायालयाची पायरी चढतात.

दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत मुदतीच्या देण्याघेण्याविषयी आहे (सूरह अल्-बकरा, २८२). व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार घ्यावेत आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी तिची शिकवण आहे. तेव्हा कागद मागणे हा अविश्वास नव्हे. ते आज्ञापालन आहे.

वर्णन ठरवून वस्तू घडवून घेण्याच्या करारास हनफी फिक्हमध्ये ‘इस्तिस्ना’ म्हणतात. त्यात वस्तूचे वर्णन व मोबदला निःसंदिग्ध असावा लागतो. म्हणून कामाचे मोजमाप, दर, सिमेंट-सळईचा दर्जा, साहित्य कोणी आणावयाचे, कोणत्या टप्प्यावर कोणता हप्ता, मुदत आणि जादा कामाचा हिशेब हे सर्व कागदावर यावे. करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी तो वकिलास दाखवावा. हा खर्च पुढील खटल्याच्या खर्चापेक्षा फार थोडा असतो.

सदनिका घेणाऱ्यांनी २०१६ चा ‘रेरा’ कायदा जाणून घ्यावा. त्याखालील प्रकल्पात नोंदणीकृत करार केल्याविना विकासकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणल्यास तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करणे विकासकावर बंधनकारक आहे. महाराष्ट्रात अशी तक्रार महारेराकडे करता येते. स्वतःचे घर ठेकेदाराकडून बांधून घेणाऱ्यास ग्राहक आयोगाचा मार्ग आहे.

तरीही प्रथम समेट करावा. श्रद्धावंत परस्परांचे बंधू आहेत, म्हणून त्यांच्यात सलोखा घडवा, असा कुरआनचा आदेश आहे (सूरह अल्-हुजुरात, १०). दोघांना मान्य असा जाणकार अभियंता बोलावून कामाचे मोजमाप करून घेतल्यास निम्मे भांडण तेथेच मिटते.

समेट न झाल्यास न्यायालयात जाणे हा तुमचा हक्क आहे; परंतु एक हदीस सदैव स्मरणात ठेवा. आदरणीय प्रेषित (स.) यांनी बजावले आहे की, वाद घेऊन येणाऱ्यांपैकी एखादा आपली बाजू अधिक प्रभावीपणे मांडतो आणि ऐकलेल्या आधारे निवाडा त्याच्या बाजूने होतो, मात्र अशा रीतीने भावाचा हक्क त्याला मिळाला, तर तो अग्नीचा तुकडाच होय (बुखारी, मुस्लिम). प्रत्यक्ष प्रेषितांच्या (स.) निवाड्यानेही जे हलाल होत नाही, ते निष्णात वकिलाच्या युक्तिवादाने कसे होईल?

म्हणून दावा लिहून घेताना वकिलास सर्व काही खरे सांगा. ठेकेदाराने केलेले काम लपवू नका, त्याच्या मजुरांचा घाम विसरू नका. ठेकेदार असाल तर कमी वापरलेली सळई गिलाव्याखाली झाकू नका. ती अल्लाहपासून झाकलेली नाही.

ज्या घरात आपली मुले नमाज शिकणार आहेत, त्याची एकही वीट दुसऱ्याच्या हक्काची नसावी. अल्लाह आपणा सर्वांना करार पाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.