जेल त्यांचं, खापर आमच्या यंत्रावर

"तुमचा इंटिग्रेटिंग स्फिअर एकदा तपासून घ्या." विखुरलेला प्रकाश मोजणाऱ्या आमच्या यंत्राबद्दलचा हा सल्ला आम्हाला ईमेलवर मिळाला, तोही विभागप्रमुखांना प्रत पाठवून. प्रकाश उतीसारखा विखुरावा म्हणून अगरच्या जेलमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड मिसळून बनवलेला ठोकळा दुसऱ्या एका गटाने मोजणीसाठी पाठवला होता. त्यांचे आकडे आणि आमचे आकडे जुळेनात, तेव्हा चुकलो अर्थातच आम्ही! त्यांची कृती म्हणे छापून आलेली.

यंत्र तपासलं. पांढऱ्या प्रमाण तबकडीवर ठीक, पातळ केलेल्या इंट्रालिपिड या तेलाच्या इमल्शनवरही ठीक. शेवटी वैतागून ठोकळाच उभा कापला. तळाशी पांढराफटक थर, वर येता येता फिकट, आणि वरच्या कडेला नुसती निळसर झाक. वरची चकती वर्तमानपत्रावर ठेवली तर मथळा वाचता येत होता, तेवढ्याच जाडीच्या खालच्या चकतीतून काळी रेघही दिसेना. त्या क्षणी राग आला, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

टायटॅनियम डायऑक्साइडची घनता पाण्याच्या सुमारे चौपट. अगर विरघळतो ८५ अंशांच्या पुढे आणि गोठतो ४० च्या खाली गेल्यावर. मधला सगळा वेळ तो पातळच असतो. पेट्री डिशमधला थर लगेच निवतो, त्यामुळे कण जागच्या जागी अडकतात. उंच बीकरचा मधला भाग मात्र किती तरी उशिरा निवतो आणि गुठळ्या झालेले कण तोवर तळ गाठतात. त्यांनी मोजलं होतं डिशमधल्या चकतीवर आणि आमच्याकडे आला होता बीकरमधला ठोकळा. फोनवर हे सांगितलं तर उत्तर आलं, "असं व्हायला नको." व्हायला नको हे आम्हालाही कळतं हो!

ज्यांना असं जेल बनवायचंय त्यांच्यासाठी सांगतो. पावडर थेट गरम अगरमध्ये टाकू नका. आधी थोड्या पाण्यात कालवून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये गुठळ्या फोडा. अगर उकळण्याआधी आणि नंतर बीकरचं वजन करा आणि उडून गेलेलं पाणी गरम पाण्यानेच भरून काढा, नाहीतर तुमचं एक टक्क्याचं प्रमाण एक टक्का राहत नाही. मिश्रण ढवळत ढवळत ४५ अंशांच्या आसपास आणा, मगच साच्यात ओता. साचा उंच असेल तर गोठेपर्यंत तो सावकाश फिरवत ठेवा. चुंबकी ढवळणी जोरात लावून भोवरा केलात की हवा शिरते. बुडबुडेही प्रकाश विखुरतातच, आणि ते कृतीत कुठेच लिहिलेले नसतात. ओतण्याआधी काही मिनिटं निर्वात डेसिकेटरमध्ये ठेवलं की बरेचसे निघून जातात.

पावडरऐवजी इंट्रालिपिड वापरणार असाल तर तळाशी बसण्याची कटकट नाही, पण ते उकळत्या अगरमध्ये ओतू नका. ते सोयाबीन तेलाचं इमल्शन आहे. तेलाचे थेंब एकमेकांत मिसळून मोठे झाले की प्रकाशाचं विकिरण बदलतं. थंडगारही ओतू नका, अगर जागोजागी गोठून गोळे होतात. तयार जेल मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा वितळवून वापरणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्यांच्या आकड्यांबद्दल न बोललेलं बरं.

बाकी स्वच्छता राखा, नोंदी ठेवा वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे. अगरवर बुरशी धरते, ठेवल्या ठेवल्या त्याला पाणी सुटतं, म्हणून घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि दर वेळी सारख्याच वयाचं जेल मोजा. किराणा दुकानातला अगर, म्हणजे चायना ग्रास, खिरीला ठीक, मोजणीला नाही. शक्य तोवर एकाच लॉटचा अगर वापरा.

हा खटाटोप कशासाठी? उतीचं परिणामी विकिरण (reduced scattering) साधारण दर सेंटिमीटरला १० असं धरून लोक जेल बनवतात आणि त्यावर उतीतला ऑक्सिजन प्रकाशाने मोजणारी उपकरणं पारखतात. वरचा थर एक सांगतो आणि खालचा दुसरंच, तर त्या पारखण्याला काय अर्थ?

त्या ईमेलची दुरुस्ती विभागप्रमुखांकडे आजतागायत आलेली नाही. म्हणून एक विनंती: दुसऱ्याकडून जेल आलं की ओतण्याचं तापमान, साच्याची उंची आणि वरच्या व खालच्या चकतीची वेगवेगळी मापं लेखी मागा. ती मिळेपर्यंत स्वतःच्या यंत्राला दोष देऊ नका.